पाच जाती एका ठिकाणाहून नको, एक जात तीन ठिकाणाहून आणा

वाचकाचं पत्र: ताई, नमस्कार. मी एसटीत कंडक्टर होतो, मागच्या वर्षी रिटायर झालो. नागपूरजवळ हिंगण्याच्या पुढे आमची बारा गुंठे जागा आहे, विहीर आहे, दोन आंबे अन् एक कडुलिंब आहे. आईच्या वेळच्या गावरान कोंबड्या अजून आहेत, सहा कोंबड्या अन् एक कोंबडा, मोकळ्या फिरतात. मला अंड्यांचा धंदा नाही करायचा, जुन्या देशी जातीचं चांगलं बेणं तयार करायचं आहे, म्हणजे लोकांनी पिल्लं आपल्याकडून न्यावी. पोरानं एक पॅकेज शोधलं, कडकनाथ, असील, वनराजा, गिरिराज अन् आरआयआर, प्रत्येकी वीस म्हणजे शंभर पिल्लं एकाच ठिकाणाहून, अन् मोठी झाली की आम्हीच परत विकत घेऊ असं ते लोक म्हणतात. पैसे फंडातले आहेत म्हणून भीती वाटते. यातली कोणती जात धरावी? (एक वाचक, हिंगणा)

भाऊ, नमस्कार. पैसे अजून दिले नाही न? मग काही बिघडलं नाही. पोरावर रागावू नका, त्यानं मनापासून शोधलं, पण हे पॅकेज बेण्यासाठी नाहीच, ते वर्षभर कोंबड्या पाळून विकून टाकणाऱ्यासाठी आहे. अन् परत विकत घेण्याचं म्हणाल तर २०१९ साली पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथच्या अशाच स्कीममध्ये हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले होते, घरातले दागिने मोडून लोकांनी भरले होते, तेव्हा पेपरात रोज येत होतं. जो माणूस पिल्लं विकतो तोच उद्याचा गिऱ्हाईक असेल तर तुमच्या हातात काहीच राहत नाही. ती गोष्ट इथेच सोडा.

आता जातींचं. तुमच्या यादीतल्या पाचातून दोन तर लगेच काढून टाका, वनराजा अन् गिरिराज. वाईट आहेत म्हणून नाही, परसात पाळायला दोन्ही छान आहेत, गावरानपेक्षा अंडी जास्त, वजन लवकर येतं. वनराजा हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेनं तयार केली, गिरिराज बंगलोरच्या कृषी विद्यापीठाची. पण ह्या जुन्या जाती नाहीत, वेगवेगळे वंश मुद्दाम एकत्र आणून बनवलेले पक्षी आहेत. त्यांची पिल्लं काढली की ती आईबापासारखी येत नाहीत, एक मोठं एक बारकं, एक लाल एक करडं, अंड्याचा हिशोब कशालाच लागत नाही. हायब्रिड बियाण्यातून घरचं बी धरलं की दुसऱ्या वर्षी शेतात जे होतं ना, तेच. कापूसवाल्या भागातल्या माणसाला हे मी काय सांगू. ज्याला बेणं विकायचं त्यानं असा पक्षी ठेवायचाच नाही.

आरआयआर म्हणजे ऱ्होड आयलंड रेड, ती मात्र खरी जात आहे, पिल्लं सारखी निघतात, अंडीही भरपूर. पण ती अमेरिकेची, तिकडं १९०४ मध्येच जात म्हणून मान्य झालेली. तुम्ही लिहिलं देशी बेणं, म्हणून तीही बाजूला ठेवते.

राहिले दोन, असील अन् कडकनाथ, अन् तिसरी एक मी माझ्याकडून घालते, बसरा. ही आपल्या महाराष्ट्राचीच, नंदुरबार-नवापूर-साक्री अन् तिकडच्या गुजरातच्या बाजूची, जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय ब्यूरोकडे जात म्हणून रजिस्टर आहे, तरी नागपूर साईडला कोणाला नावही माहीत नसतं. मध्यम अंगाची, चपळ, वर्षाला चाळीस-पन्नास अंडी. माझा जीव आहे तिच्यावर, पण खरं सांगते, पहिल्यांदा सुरू करणाऱ्यानं इथून तिकडं जाऊन तीन वेगळ्या घरची बसरा गोळा करणं फार अवघड आहे, अन् तीन घरं का पाहिजे ते खाली सांगते. दोन वर्षांनी हात बसला की मग जा नवापूरला.

असील देखणा पक्षी आहे, त्यात शंकाच नाही. उंच, ताठ मान, छोटा बसका तुरा, कोंबडा तीन-चार किलो भरतो. पीला, याकूब, नूरी, कागर, चित्ता असे रंगावरून प्रकार. मादी खुडूक बसायला, म्हणजे अंडी उबवायला, अन् पिल्लं सांभाळायला एकदम जबरदस्त, सापावरही धावून जाते. पण अंडी कमी, अन् नर अगदी लहानपणापासून एकमेकांना फोडतात, प्रत्येक कोंबड्याला वेगळं खुराडं लागतं, सहा नर ठेवले तर सहा खुराडी, हे बाराही महिने. अन् एक गोष्ट मला मनापासून खटकते, ती लिहितेच. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोली साईडला कोंबडबाजार भरतात, झुंजी लावणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे तरी चालतं, अन् असीलचा चांगला नर मागायला जो माणूस येतो तो पुष्कळदा तिथूनच येतो, पायाला काती बांधून त्याला मारायलाच नेतो. तुम्ही वर्षभर हातानं दाणे घालून वाढवलेला कोंबडा कोणाच्या हाती देताय हे विचारायची, अन् नाही म्हणायची तयारी असेल तरच असील घ्या. मला स्वतःला ते जमलं नाही म्हणून मी असील सोडली.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत कडकनाथ. नाव फार ऐकलं म्हणून नाही. एक तर ही आपल्यापासून फार लांबची नाही, मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूर-धार भागातल्या भिल्ल-भिलाला लोकांनी सांभाळलेली, ऊन पाहिलेली कोंबडी आहे. झाबुआच्या कडकनाथ मटणाला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. अंगानं हलकी, कोंबडा दीड-दोन किलो, मादी सव्वा-दीड किलो, त्यामुळे भारी पक्ष्यापेक्षा उन्हाळा बरा काढते. वर्षाला ऐंशी ते शंभरच्या आसपास अंडी, म्हणजे बेण्यापुरती पुरतात. दुसरं म्हणजे पिल्लं सरकारी ठिकाणाहून मिळतात, झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राची हॅचरी आहे, छत्तीसगडातही दंतेवाडा-कांकेर साईडला पाळतात, म्हणजे नागपूरहून दोन वेगळ्या दिशा उघड्या आहेत.

पण हिचा एक मोठा दोष, ती खुडूक फारशी बसत नाही, बसली तरी मधेच उठून जाते. अन् इथेच तुमच्या आईच्या कोंबड्या कामाला येतात भाऊ. त्या सहा गावरान कोंबड्या अजिबात विकू नका. गावरान खुडूक कोंबडी म्हणजे बिनलाईटची मशीन, दहा-बारा अंडी आरामात घेते, पिल्लं निघाली की स्वतः फिरवते, घारीपासून वाचवते. लाईट गेली तर तिला काही फरक पडत नाही, अन् आपल्याकडे मे महिन्यात लाईट किती जाते ते तुम्हाला माहीतच आहे. पहिल्या वर्षी इन्क्युबेटरचे पैसे वाचवा. फक्त तो गावरान कोंबडा मोकळा नको, त्याचं खाली सांगते.

आता मुद्दा. लोक पाच जाती एका ठिकाणाहून आणतात, अन् बेण्याला नेमकं उलटं लागतं, एक जात अन् तीन ठिकाणं.

माझंच सांगते. मी सुरुवात केली तेव्हा एकाच माणसाकडून एकवीस कडकनाथ आणली, त्यातली बहुतेक एकमेकांची सख्खी-चुलत भावंडंच होती हे मला कळलंच नाही. एक चांगला कोंबडा ठेवला, बाकी नर विकले. पहिली पिढी झकास. दुसरीत पायाची बोटं वाकडी असलेली पिल्लं दिसायला लागली. तिसऱ्या पिढीत बारा अंड्यांतून पाच-सहा पिल्लं, बाकी अंडी फोडली तर आत तयार झालेलं पिल्लू मेलेलं. मी दाणा बदलला, औषधं दिली, खुडूक कोंबडी बदलली, दोष मात्र रक्ताचा होता. तीन वर्षं गेली त्यात.

हिशोब सोपा आहे. एक कोंबडा अन् दहा कोंबड्या ठेवल्या तर दर पिढीला कळपाचं रक्त साधारण १४ टक्क्यांनी जवळ येतं. तेच तीन कोंबडे अन् पंधरा कोंबड्या ठेवल्या तर ५ टक्के. कोंबड्या दहाच्या पन्नास केल्या पण कोंबडा एकच ठेवला तरी फारसा फरक पडत नाही, कारण सगळ्यांचा बाप तोच. नर किती आहेत यावर सगळं अवलंबून आहे, अन् लोक दाणा वाचवायला नेमके नरच कमी करतात.

म्हणून तीन घरं करायची. गोत्रासारखं समजा, लाल, निळं अन् पिवळं. एका ठिकाणची पिल्लं लाल, दुसऱ्याची निळी, तिसऱ्याची पिवळी, पायात त्या रंगाची कडी घालायची, पक्षी वाढला की कडी सैल करत जायची नाहीतर पायात रुतते. प्रत्येक घरात एक कोंबडा अन् पाच कोंबड्या. पोरी आईच्याच घरात राहतात, पोरं पुढच्या घरात जातात, लालचा कोंबडा निळ्यात, निळ्याचा पिवळ्यात, पिवळ्याचा लालमध्ये, म्हणजे आपल्यात पोरगी सासरी जाते अन् इथे सगळे घरजावई. हे पहिल्याच वर्षी करायचं अन् दरवर्षी त्याच दिशेनं करायचं, दिशा बदलायची नाही. एवढं पाळलं तर बाहेरून नवीन कोंबडा न आणता पुष्कळ वर्षं निघतात.

तीन ठिकाणं म्हणजे खरंच तीन. एका बाजारातल्या तीन विक्रेत्यांकडून घेतलं तर तिघांचा माल एकाच हॅचरीचा निघू शकतो, म्हणून विचारा की आईबाप पक्षी कुठे आहेत, मला दाखवा. जो दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

अन् कडकनाथ ओळखायची कशी. पहिले तर व्हॉट्सअॅपवरच्या काळ्या अंड्याच्या फोटोवर विश्वास ठेवू नका, कडकनाथचं अंडं क्रीम-फिक्कट तपकिरीच असतं. रक्तही लालच. काळी असते ती कातडी, मांस, जीभ, पाय, हाडावरचा पडदा. तुरा काळपट-जांभळट. पण नुसता काळा रंग पाहून भुलू नका, हा काळेपणा असा आहे की गावरानशी क्रॉस केलं तरी पुष्कळ पिल्लं काळी दिसतात. म्हणून चोच उघडून जीभ पाहा, तळवे पाहा, पंखाखालची पिसं बाजूला सारून कातडी पाहा, पांढरे-गुलाबी डाग असले तर बेण्याला नको. अन् कोणी सहा महिन्यांत तीन किलोचा कडकनाथ कोंबडा अभिमानानं दाखवला तर तिथून परत या, तो क्रॉस आहे. सगळ्यात मोठा नर निवडायची आपली सवय असते, इथे ती घात करते. पूर्ण काळा, रेघांचा अन् सोनेरी झाक असलेला असे तीन प्रकार असतात, तिन्ही अस्सलच, पण पहिल्यांदा एकच धरा.

किती आणायची? प्रत्येक ठिकाणाहून पंचवीस, एकूण पंच्याहत्तर. एक दिवसाच्या पिल्लात नर-मादी कळत नाही, अर्धे-अर्धे धरा, पंचवीसातली दोन-तीन जातील, मग अकरा तलंगांतून, म्हणजे तरुण माद्यांतून, उत्तम पाच निवडायच्या अन् अकरा नरांतून दोन, एक घरात अन् एक राखीव वेगळा. बाकीचे खाण्याला विका, त्यातच दाण्याचा बराच खर्च निघेल. निवड दोनदा करायची, दोन महिन्यांनी अन् पुन्हा पाच महिन्यांनी. वाकडी चोच, वाकडी बोटं, छातीचं हाड तिरपं, सारखं शिंकणारं, एकदा खूप आजारी पडून वाचलेलं, असं बेण्याला नाही ठेवायचं, कितीही जीव लागला तरी. जीव लागला तर घरी पाळा न, पण त्याचं अंडं बसवू नका.

वेळ कोणती? संक्रांत झाली की जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीत पिल्लं आणा. अंड्यातून निघाल्यावर पोटातल्या बलकावर दोन दिवस सहज निघतात, त्यामुळे झाबुआहून रात्रभर प्रवास चालतो, पोचल्यावर आधी गूळपाणी मग दाणा. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ डिग्रीच्या आसपास, मग दर आठवड्याला तीन-एक डिग्री कमी. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, लांब पळून चोच उघडून बसली तर गरम होतंय, थर्मामीटरपेक्षा पिल्लंच जास्त खरं सांगतात. मे अखेरचा नवतपा येईल तेव्हा ती चार महिन्यांची असतील, अंड्यावर नसतील, म्हणजे एकदम ऐन उन्हात अंडी देण्याचा ताण नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात अंडी सुरू होतील, सुरुवातीची बारकी अंडी खा, अन् दसरा-दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत पिल्लं काढा.

एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत अंडी बसवायचीच नाही. हे बाहेरच्या पुस्तकात सापडत नाही म्हणून जोर देऊन सांगते. अंडं साधारण २० डिग्रीच्या वर गेलं की आत वाढ सुरू होते, आपल्याकडे ४५ डिग्रीत ते खुराड्यात पडल्या पडल्याच अर्धवट वाढायला लागतं अन् नंतर मरतं, वरून अंडी फळण्याचं प्रमाणही उन्हानं कमी झालेलं असतं. थंडीतही अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करा, टोकदार बाजू खाली करून गार जागी ठेवा, सात दिवसांच्या वर नको. फ्रीजमध्ये नको. आमच्याकडे माठाखालच्या ओल्या रेतीजवळ टोपली ठेवतो. बसवल्यावर सातव्या-आठव्या दिवशी रात्री टॉर्चवर धरून पाहा, जाळं दिसलं नाही ते काढून टाका, एकविसाव्या दिवशी पिल्लं.

शेड लांबीनं पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन आत शिरत नाही, तुमच्या आंब्याच्या सावलीत बसत असेल तर अजून चांगलं. टिनावर चुना मारा, बाजूला ओली पोती, पाणी मातीच्या भांड्यात, दाणा पहाटे अन् संध्याकाळी. आत प्रत्येक पक्ष्याला तीन-चार चौरस फूट. मुंगसासाठी जाळी जमिनीत फूटभर गाडा, नाहीतर एका रात्रीत एक घर संपतं.

तीन ठिकाणाहून आणताना एकच भीती, रोगही तीन ठिकाणचे येतात. म्हणून तिन्ही लॉट पहिला महिना वेगवेगळे, अन् तुमच्या गावरान कोंबड्यांपासून पूर्ण लांब, शेडची चप्पल वेगळी. मरेक्सची लस हॅचरीतच पहिल्या दिवशी टोचलेली असावी, विचारून घ्या. मग सातव्या दिवशी लासोटा (मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस), चौदाव्याला गंबोरो रोगाची, अठ्ठाविसाव्याला पुन्हा लासोटा, सहा-सात आठवड्यांत देवीची, आठ ते दहा आठवड्यांत आर टू बी, तीही मानमोडीचीच. मानमोडी आली की निम्मा कळप चार दिवसांत जातो, त्यामुळे यात आळस नको, अन् गावरान कोंबड्यांनाही लस द्या, त्या धडधाकट दिसत असल्या तरी. एकदम तीन-चार पक्षी मेले तर नाल्यात फेकू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, कसं करायचं ते डॉक्टर सांगतील. नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात २०२४ च्या डिसेंबरात तीन वाघ अन् एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेले, आपल्याच शहरात, तेव्हा हे आपल्यापासून लांब आहे असं समजू नका.

गावरान कोंबड्याचं राहिलं होतं. अंडी बसवायच्या दिवसांत तो कडकनाथच्या घरात एकदा जरी शिरला तरी ती सगळी अंडी बेण्यातून बाद, कारण कोंबडीच्या पोटात नराचं बी दोन-तीन आठवडे टिकतं. म्हणजे चुकून शिरलाच तर पुढचे तीन आठवडे त्या घरची अंडी खायला, त्यानंतरचीच बसवायची. घरजावई बदलतानाही हाच नियम. तुमच्या आईच्या वेळचा कोंबडा आहे, विका असं मी म्हणणार नाही, त्याला त्याच्या सहा कोंबड्यांसोबत वेगळं कुंपण करून द्या. ते गावरानही सांभाळण्यासारखंच आहे.

शेवटचं, वही. तुम्ही इतकी वर्षं रोज वे-बिल भरलं, एक तिकीट इकडचं तिकडं होऊ दिलं नाही, तीच सवय इथे लावा. तारीख, घर, किती अंडी बसवली, किती फळली, किती पिल्लं निघाली, कडीचा नंबर, लस. पिल्लं विकताना त्या पानाचा उतारा घेणाऱ्याच्या हातात द्या, अन् कोणी कळप सुरू करायला मागितली तर त्याला तलंगा एका घरच्या अन् कोंबडा दुसऱ्या घरचाच द्या, तो सगळी लालमधलीच मागत असला तरी.